ओरत्तनाडूचे छत्र आणि कुलपतींची खुर्ची

तंजावरहून पट्टुकोट्टईकडे जाणाऱ्या रस्त्यावर ओरत्तनाडू हे तालुक्याचे गाव लागते. दिल्लीतील मराठी माणसाला या गावाचे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही. पण मराठी राजवटीच्या इतिहासात त्याची जागा महत्त्वाची आहे. तंजावरचे राजे दुसरे सरफोजी भोसले यांनी १८०२ च्या सुमारास येथे मुक्तांबाळ यांच्या स्मरणार्थ एक मोठे छत्र बांधले. गावाला काही काळ मुक्तांबाळपुरम असेही म्हटले जाई. रामेश्वरच्या वाटेवरील यात्रेकरूंना अन्न आणि निवारा देणे हे अशा छत्रांचे मूळ काम. सरफोजींनी त्याला दुसरे काम जोडले, ते शिकवण्याचे. गरीब मुलांनी छत्रात जेवावे आणि छत्रातच शिकावे, अशी ती व्यवस्था होती. १८५५ मध्ये तंजावरचे राज्य खालसा झाले, छत्रांचा कारभार इंग्रज सरकारकडे आणि पुढे जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला. तरीही या परंपरेतून विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांना दीर्घकाळ आधार मिळत राहिला.

याच ओरत्तनाडूत २०१२ मध्ये पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. ते चेन्नईच्या तामिळनाडू पशुवैद्यकीय व पशुविज्ञान विद्यापीठाचे महाविद्यालय आहे. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील शेतकऱ्यांची आणि शेतमजुरांची मुले तेथे पशुवैद्य होण्यासाठी येतात. या विद्यापीठाच्या कुलपतीपदावर कायद्याने राज्यपालांची नेमणूक झालेली आहे. त्या पदाचे अधिकार किती असावेत, या प्रश्नाने गेल्या काही वर्षांत चेन्नईच्या विधानसभेपासून दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत आणि तेथून राष्ट्रपती भवनापर्यंत प्रवास केला. ओरत्तनाडूच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याच्या पदवीवर कोणाची सही असावी, हा प्रश्न अशा रीतीने घटनेच्या अर्थाचा प्रश्न झाला.

या प्रवासाच्या शेवटच्या टप्प्यावर राष्ट्रपती भवनात ज्या व्यक्ती होत्या, त्या पूर्वी स्वतः शिक्षिका होत्या. त्या आदिवासी समाजातून आल्या आहेत, आणि सहा वर्षे एका राज्यातील विद्यापीठांच्या कुलपतीही होत्या. त्यामुळे तामिळनाडूच्या वादाकडे केवळ राज्यपाल विरुद्ध मुख्यमंत्री असे पाहिले, तर त्यातील एक महत्त्वाचा प्रश्न निसटतो. विद्यापीठाचे सर्वोच्च, पण मानाचे पद आदिवासी शिक्षकाकडे जाते, तेव्हा नेमके काय बदलते?

एका शब्दाचा अर्थ

आधी शब्दाचा घोळ मिटवला पाहिजे. मराठीत चान्सलर म्हणजे कुलपती आणि व्हाइस चान्सलर म्हणजे कुलगुरू. दिल्लीत आलेल्या मराठी माणसाचा येथे हमखास गोंधळ होतो, कारण हिंदीत कुलपती हा शब्द व्हाइस चान्सलरसाठी रूढ झाला आणि चान्सलर कुलाधिपती झाले. राजस्थानसारख्या हिंदी राज्याने २०२५ मध्ये कुलपतीऐवजी कुलगुरू हा शब्द स्वीकारला, म्हणजे मराठीची वाट धरली.

संस्कृत परंपरेत मात्र कुलपती या शब्दाला नेमका अर्थ आहे. दहा हजार शिष्यांना अन्न देऊन त्यांचे पोषण करणारा आणि त्यांना शिकवणारा ऋषी म्हणजे कुलपती. कालिदासाच्या शाकुंतलात कण्वांना हे बिरुद आहे. म्हणजे मूळ कल्पनेत दोन कामे आहेत, जेवू घालणे आणि शिकवणे. अध्यक्षस्थान भूषवणे हे त्यात कोठेच नाही. या अर्थाने ओरत्तनाडूचे छत्र राजभवनापेक्षा कुलपतीपदाच्या अधिक जवळचे होते.

आजचे कुलपतीपद या परंपरेतून आलेले नाही. १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली, तेव्हा कलकत्त्याचे कुलपतीपद गव्हर्नर जनरलकडे आणि मुंबई व मद्रासचे पद त्या त्या प्रांताच्या गव्हर्नराकडे देण्यात आले. विद्यापीठावर सरकारची नजर असावी, हा त्यामागचा हेतू होता. स्वातंत्र्यानंतर राज्यांनी आपापले विद्यापीठ कायदे केले आणि गव्हर्नराच्या जागी राज्यपाल आले. राज्यपालांना कुलपती करा, असे घटनेत कोठेही म्हटलेले नाही. हे पद राज्य विधिमंडळाच्या कायद्याने दिलेले आहे आणि त्याच कायद्याने ते काढूनही घेता येते. केंद्र-राज्य संबंधांवरील पुंछी आयोगाने २०१० मध्ये राज्यपालांवर कुलपतीपदासारखी घटनाबाह्य कामे लादू नयेत, अशी शिफारस केली होती. ती कागदावरच राहिली.

रायरंगपूर ते रांची

द्रौपदी मुर्मू यांचा जन्म २० जून १९५८ रोजी ओडिशाच्या मयूरभंज जिल्ह्यातील उपरबेडा या गावी संथाळ कुटुंबात झाला. महाविद्यालयापर्यंत पोहोचणारी गावातली पहिली मुलगी आपण होतो, असे त्यांनी राष्ट्रपतीपदाची शपथ घेतल्यानंतर सांगितले होते. भुवनेश्वरच्या रमादेवी महिला महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर १९७९ ते १९८३ या काळात त्या ओडिशा सरकारच्या पाटबंधारे व ऊर्जा खात्यात कनिष्ठ साहाय्यक होत्या. १९९४ ते १९९७ या काळात त्यांनी रायरंगपूरच्या श्री अरविंद शिक्षण केंद्रात मानद शिक्षिका म्हणून शिकवले. पुढे नगरसेवक, आमदार, मंत्री आणि मे २०१५ पासून जुलै २०२१ पर्यंत झारखंडच्या राज्यपाल असा त्यांचा प्रवास झाला.

राज्यपाल म्हणून त्या झारखंडच्या राज्य विद्यापीठांच्या कुलपती झाल्या. त्यांच्या काळात महाविद्यालयीन प्रवेशासाठी कुलपतींच्या नावाने एक सामाईक संगणकीय व्यवस्था उभी राहिली. गावाकडच्या मुलाला प्रत्येक महाविद्यालयाच्या खिडकीवर अर्ज घेऊन उभे राहावे लागू नये, हा तिचा उपयोग. २०२० मध्ये दुमका येथील सिदो कान्हू मुर्मू विद्यापीठाच्या कुलगुरुपदी जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील संगणकशास्त्राच्या प्राध्यापक सोनाझरिया मिंज यांची नियुक्ती झाली. मिंज या उरांव समाजातील आहेत. संथाळ बंडाच्या नेत्यांचे नाव असलेले विद्यापीठ, त्याच्या कुलपती संथाळ आणि कुलगुरू उरांव, असे चित्र भारतीय विद्यापीठांच्या इतिहासात सहसा दिसत नाही. त्याआधी, १९८० च्या दशकात, भाषाशास्त्रज्ञ रामदयाळ मुंडा रांची विद्यापीठाचे कुलगुरू झाले होते. आदिवासी व प्रादेशिक भाषांचा विभाग तेथे उभा राहिला, तो त्यांच्या प्रयत्नांतून.

कुलपतींच्या खुर्चीत कोण बसले आहे याने फरक पडतो, याचा हा पुरावा. निवड समितीकडून आलेल्या नावांपैकी कोणते नाव पुढे सरकते, कोणती तक्रार फायलीत पडून राहते आणि कोणत्या तक्रारीवर शेरा लिहिला जातो, हे त्या खुर्चीवरील माणसाच्या अनुभवावर अवलंबून असते. सरकारी शाळेच्या ओसरीवरून शिकत आलेला माणूस प्रवेशाच्या खिडकीचा त्रास वेगळ्या तऱ्हेने समजतो.

मात्र मुर्मू यांच्या रांचीतील कारकिर्दीतील सर्वांत महत्त्वाची घटना विद्यापीठाबाहेरची आहे. छोटानागपूर कुळवहिवाट कायदा १९०८ चा आणि संथाळ परगणा कुळवहिवाट कायदा १९४९ चा. आदिवासींच्या जमिनी इतरांच्या हाती जाऊ नयेत म्हणून केलेल्या या कायद्यांत बदल करणारी विधेयके झारखंड विधानसभेने नोव्हेंबर २०१६ मध्ये संमत केली. सरकार मुर्मू यांच्याच पूर्वाश्रमीच्या पक्षाचे होते, केंद्रातही तोच पक्ष होता. तरीही २०१७ मध्ये त्यांनी ही विधेयके संमतीविना परत पाठवली आणि नंतर सरकारने ती मागे घेतली. मानाच्या पदावरील व्यक्तीने एकदा, योग्य वेळी, कारण देऊन ‘नाही’ म्हटले की त्या पदाला वजन येते. ते वजन तिच्या पुढच्या प्रत्येक सहीलाही प्राप्त होते.

पद जितके वर, तितका हात बांधलेला

येथे घटनेतील एक विसंगती लक्षात घेतली पाहिजे. राज्यपाल या नात्याने राज्यपाल सामान्यतः मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. पण कुलपती म्हणून ते विद्यापीठ कायद्याने दिलेले स्वतंत्र अधिकार वापरतात, तेथे मंत्रिमंडळाचा सल्ला त्यांच्यावर बंधनकारक नाही. केरळच्या कन्नूर विद्यापीठाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी कुलगुरूंची फेरनियुक्ती रद्द केली, ती याच मुद्द्यावर. कुलपतींनी स्वतःचा निर्णय घेण्याऐवजी सरकारच्या दबावाखाली सही केली, असा न्यायालयाचा निष्कर्ष होता.

राष्ट्रपतींचे तसे नाही. घटनेच्या ७४ व्या अनुच्छेदानुसार त्या केंद्रीय मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बांधलेल्या आहेत. केंद्रीय विद्यापीठांच्या त्या ‘व्हिजिटर’ असतात, पण व्यवहारात शिक्षण मंत्रालयातून फाइल आल्याशिवाय त्या भूमिकेत हालचाल होत नाही. म्हणजे रांचीत कुलपती असताना मुर्मू यांना जे स्वातंत्र्य होते, ते दिल्लीत त्याहून उच्च पदावर आल्यावर कमी झाले. आदिवासी शिक्षिका राष्ट्रपती झाल्या म्हणून आदिवासींच्या शिक्षणाचे प्रश्न आपोआप सुटतील, असे मानणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. त्याचप्रमाणे राष्ट्रपती काही करत नाहीत अशी टीका करणाऱ्यांनीही.

तामिळनाडूच्या वादात हे स्पष्ट झाले. २०२० ते २०२३ या काळात तामिळनाडू विधानसभेने संमत केलेली दहा विधेयके राज्यपाल आर. एन. रवी यांच्याकडे अडकली. बहुतेक विधेयकांचा गाभा एकच होता, कुलगुरू नेमण्याचा अधिकार कुलपतींकडून राज्य सरकारकडे घेणे. त्यांत तंजावरच्या तमिळ विद्यापीठाचे एक विधेयक होते, आणि ओरत्तनाडूचे महाविद्यालय ज्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे आहे त्याची २०२० आणि २०२३ ची दोन होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्यपालांनी संमती रोखली, विधानसभेने १८ नोव्हेंबरला खास अधिवेशनात ती पुन्हा संमत केली आणि राज्यपालांनी ती राष्ट्रपतींकडे पाठवून दिली. राष्ट्रपतींनी एकास संमती दिली, सात नाकारली आणि दोन विचाराधीन राहिली. ८ एप्रिल २०२५ रोजी न्यायमूर्ती जे. बी. पारडीवाला आणि न्यायमूर्ती आर. महादेवन यांच्या खंडपीठाने राज्यपालांची कृती बेकायदा ठरवली आणि दहाही विधेयकांना संमती मिळाल्याचे मानले. विधेयकांवर निर्णय घेण्यासाठी राज्यपाल व राष्ट्रपती यांना कालमर्यादाही घालून दिली.

मे २०२५ मध्ये दोन घटना घडल्या. १३ मे रोजी राष्ट्रपतींनी १४३ व्या अनुच्छेदाखाली सर्वोच्च न्यायालयाला १४ प्रश्न विचारले. २१ मे रोजी मद्रास उच्च न्यायालयाने नव्या कायद्यांतील कुलगुरू नियुक्तीच्या तरतुदींना स्थगिती दिली. २० नोव्हेंबर २०२५ रोजी अमरावतीचे सुपुत्र, तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने आपले मत दिले. न्यायालय राज्यपाल व राष्ट्रपती यांना कालमर्यादा घालू शकत नाही आणि ‘मानीव संमती’ ही कल्पना घटनेत बसत नाही, असे ते मत होते. त्याच वेळी विधेयक परत न पाठवता नुसतेच रोखून ठेवता येत नाही, आणि प्रदीर्घ व अनाकलनीय निष्क्रियता असेल तर मर्यादित निर्देश देता येतात, असेही घटनापीठाने सांगितले.

राजकीय हिशेबात कोणाचा विजय झाला, याची चर्चा पुष्कळ झाली. विद्यार्थ्यांच्या हिशेबाची झाली नाही. मद्रास विद्यापीठाचे कुलगुरुपद ऑगस्ट २०२३ पासून दीर्घकाळ रिकामे राहिले, इतर काही विद्यापीठांचीही तीच गत झाली. कुलगुरू नसले की प्राध्यापक भरती थांबते आणि पदवीदान लांबते, आणि नोकरीसाठी अर्ज करणारा विद्यार्थी तात्पुरत्या प्रमाणपत्रावर दिवस काढतो. ऑगस्ट २०२५ मध्ये तिरुनेलवेलीच्या मनोन्मणीयम सुंदरनार विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात एका संशोधक विद्यार्थिनीने राज्यपालांच्या हातून पदवी न घेता कुलगुरूंच्या हातून घेतली. ज्या पदाचे सारे महत्त्व समारंभातच आहे, त्या पदाला समारंभातच डावलले गेले, ही त्या पदाची शोकांतिका म्हणावी लागेल.

याउलट दृश्य ३ सप्टेंबर २०२५ रोजी शेजारच्या तिरुवारूरला दिसले. तेथील केंद्रीय विद्यापीठाच्या पदवीदानास राष्ट्रपती मुर्मू व्हिजिटर या नात्याने आल्या होत्या. तामिळनाडूत अनुसूचित जमातींचे प्रमाण २०११ च्या जनगणनेनुसार एक टक्क्याच्या जवळपास आहे. अशा राज्यातील मुलींनी एका संथाळ शिक्षिकेला विद्यापीठाच्या सर्वोच्च आसनावर पाहिले, त्याचे मोल कमी नाही. पण त्याच राज्यातील विद्यापीठांविषयीची सात विधेयके नाकारणारी सहीही राष्ट्रपतींचीच होती, मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने झालेली. एकाच पदाच्या या दोन्ही बाजू आहेत.

महाराष्ट्राने काय घ्यावे

महाराष्ट्राला हा वाद परका नाही. डिसेंबर २०२१ मध्ये महाविकास आघाडी सरकारने सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात दुरुस्ती संमत करून घेतली. उच्च शिक्षणमंत्री प्र-कुलपती होणार होते आणि कुलगुरुपदासाठी सरकारने सुचवलेल्या दोन नावांतूनच कुलपतींनी निवड करायची होती. २०२२ मध्ये सत्ता बदलली आणि नव्या सरकारने ही दुरुस्ती मागे घेण्याचे ठरवले. म्हणजे मुंबईतही प्रश्न तोच होता, कुलगुरू कोणाचा? विद्यापीठाचा, हे उत्तर दोन्ही बाजूंपैकी कोणीच दिले नाही.

कॅनडात या पदाचा विचार वेगळ्या रीतीने झाला आहे. तेथे चान्सलर हे खरोखर मानाचे पद. विद्यापीठाचा कारभार अध्यक्ष आणि नियामक मंडळ पाहते. आदिवासी मुलांना कुटुंबांपासून तोडून ज्या निवासी शाळांत ठेवले जाई, त्यांपैकी शिंगवॉक शाळेच्या इमारतीत आज अल्गोमा विद्यापीठ आहे. त्या शाळेत शिकलेल्या शर्ली हॉर्न २०१५ मध्ये या विद्यापीठाच्या पहिल्या चान्सलर झाल्या. निवासी शाळांच्या चौकशी आयोगाचे अध्यक्ष मरे सिंक्लेअर २०२१ ते २०२४ या काळात क्वीन्स विद्यापीठाचे चान्सलर होते. दोघांच्याही हाती कुलगुरू नेमण्याचा वा विधेयक रोखण्याचा अधिकार नव्हता. तरीही ज्या इमारतीत मुलांची भाषा हिरावली गेली, त्याच इमारतीत त्यांच्यातील एक व्यक्ती पदव्या देते, याचा अर्थ तेथील प्रत्येकाला कळत होता. त्या पदाचे बळ विद्यापीठाच्या स्वतःच्या इतिहासाशी असलेल्या नात्यात होते.

आपल्याकडे अडचण अशी आहे की कुलपतीपद धड मानाचे नाही आणि धड अधिकाराचे नाही. अधिकार काढून घेऊन ते मुख्यमंत्र्यांकडे वा मंत्र्यांकडे दिले, तर विद्यापीठ सचिवालयाचा एक विभाग होईल. अधिकार राजभवनाकडेच ठेवले, तर केंद्र आणि राज्य यांच्या प्रत्येक भांडणात विद्यापीठ ओलीस राहील. यातून मार्ग निघतो तो दोन गोष्टी वेगळ्या करून. कुलगुरूची निवड शिक्षणतज्ज्ञांच्या स्वतंत्र समितीने ठरावीक मुदतीत करावी आणि समितीचा क्रम सरकार व राजभवन दोघांवरही बंधनकारक असावा. कुलपतीपद मात्र विद्वत्सभेने निवडलेल्या ज्येष्ठ शिक्षकाला, मर्यादित मुदतीसाठी द्यावे. त्याच्याकडे दोनच अधिकार असावेत. एखादा निर्णय लेखी कारण देऊन एकदा परत पाठवणे, आणि विद्यार्थ्यांच्या तक्रारींवर दर वर्षी सार्वजनिक अहवाल देणे.

अशा पदावर आदिवासी शिक्षक बसवल्यास ती केवळ शोभा होईल, असा आक्षेप घेतला जाईल. आक्षेपात तथ्य आहे. महाराष्ट्राच्या लोकसंख्येत २०११ च्या जनगणनेनुसार ९.३५ टक्के आदिवासी आहेत. नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंत आश्रमशाळांत शिकवणारे आदिवासी शिक्षक आता पुष्कळ आहेत, गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठही आहे. तेथील विद्यापीठाचा कुलपती जर मुंबईच्या राजभवनातून वर्षातून एकदा येणार असेल, तर शोभेचा प्रश्न आजच निर्माण झालेला आहे. ज्याने धानोऱ्याच्या वा धडगावच्या शाळेत पंचवीस वर्षे शिकवले, मुलांना शाळेत टिकवण्यासाठी आधी त्यांच्या जेवणाची सोय पाहिली, त्याने ते पद घेतले तर शोभा झाली तरी तिला अर्थ असेल. आणि लेखी कारणासह ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार त्याच्याकडे असेल, तर ती नुसती शोभा उरणार नाही. रांचीत २०१७ मध्ये काय घडले, ते यासाठीच आठवायचे.

या पानाचे अनेक वाचक गृह, विधी वा शिक्षण मंत्रालयात ज्या टेबलांवर बसतात, तेथून राज्यांच्या विद्यापीठ विधेयकांवरील टिपणे पुढे जातात. २०२४ मध्ये केरळ आणि पंजाबच्या, राज्यपालांना कुलपतीपदावरून दूर करणाऱ्या विधेयकांना राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, त्या निर्णयामागेही अशीच टिपणे असणार. ती लिहिणाऱ्यांनी फायलीत एक प्रश्न अधिक विचारावा. या तरतुदीने विद्यार्थ्याला पदवी वेळेवर मिळेल काय? राज्य आणि केंद्र यांच्या अधिकारांची चर्चा त्यानंतर करता येईल.

मुर्मू यांनी पती आणि दोन मुले गमावल्यानंतर पहाडपूर येथील आपल्या घराच्या जागेत निवासी शाळा काढली. २५ जुलै २०२४ रोजी, राष्ट्रपतीपदाची दोन वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, त्यांनी राष्ट्रपती भवनाच्या परिसरातील केंद्रीय विद्यालयात नववीच्या मुलांचा तास घेतला. घटनेने दिलेल्या कोणत्याही पदाने त्यांना यासाठी सल्ला दिला नव्हता, कोणत्याही मंत्रालयाची फाइल आली नव्हती. मुलांना निवारा देणे आणि शिकवणे हा कुलपतीपदाचा जुना अर्थ होता. सरफोजींनी ओरत्तनाडूत दोनशे वर्षांपूर्वी जे उभे केले, ते त्याच अर्थाचे होते. विद्यापीठ कायद्यांची दुरुस्ती करणाऱ्या प्रत्येक सरकारने, ते कोणत्याही पक्षाचे असो, या अर्थाला किती जागा ठेवली हे तपासले गेले पाहिजे.